फक्त मॅडमसाठी काढलेला व्हिडिओ

माझी मुलगी बोलताना अडखळायची. ‘प’वर, ‘क’वर, कधीकधी स्वतःच्या नावावरसुद्धा. तोतरी हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. त्यापायी मी एक-दोन नातेवाइकांशी कायमचं वाकडं घेतलं आहे. ती सहावीत गेली तेव्हा परळच्या एका दवाखान्यात आम्हाला स्पीच थेरपीच्या मॅडम भेटल्या. त्यांची पद्धत साधी होती. मुलीने रोज मिनिटभर मनात येईल ते बोलायचं, मी त्याचा व्हिडिओ काढायचा आणि त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. मध्ये बोलायचं नाही, शब्द पुरवायचा नाही, ‘सावकाश’ असंही म्हणायचं नाही. गप्प बसणं हा माझा प्रांत नव्हे, पण तेवढा वेळ मी जीभ आवरून बसायचे.

मुलीची एकच अट होती. “फक्त मॅडमना.”

काही महिने असे गेले. मग एका रविवारी आम्ही राणीच्या बागेत जाऊन आलो आणि संध्याकाळी तिने पेंग्विनवर बोलायला घेतलं. पहिल्याच ‘पेंग्विन’वर अडली. डोळे मिटले, ओठ घट्ट दाबले गेले, मान थोडी वाकडी झाली. मी फोन धरून मुकाट उभी. मग शब्द सुटला आणि ती हसली. त्यानंतर ती जी सुटली ती थांबेचना. काचेला पोरं कशी नाकं लावतात, रखवालदार कसा ओरडतो, आणि कोपऱ्यात पाठ करून बसलेला एक पेंग्विन रुसलेल्या आईसारखाच कसा दिसतो. एवढं सलग मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मॅडमनी उत्तर पाठवलं की अडल्यावर ती घाबरली नाही, आपणहून पुढे गेली, हेच आपल्याला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावरून आल्यावर मी त्याला तो दाखवला. त्याने तीनदा पाहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, “मला पाठव गं.” बापाने मागितला, मी पाठवला. त्याने तो गावच्या ग्रुपवर टाकला.

हा ग्रुप काय चीज आहे ते सांगायला हवं. माझं माहेर गिरगावातलं. आमच्याकडे घरात कोणाला ताप आला तरी शेजारी कळू द्यायची पद्धत नव्हती. सासर लालबागचं, मूळ कोकणातलं. आजेसासरे गिरणीत लागले तेव्हा सगळं गाव एका खोलीत राहायचं. गिरणी गेली, चाळ पडून टॉवर झाला, गाव मात्र सुटलं नाही. ते फोनमध्ये येऊन राहिलं. बारसं, बारावं, गणपतीच्या गाड्यांची बुकिंगं, सगळं त्या ग्रुपवर. माझा एक चुलत दीर बॅनर छापण्याच्या धंद्यात आहे, आणि तो गावातल्या प्रत्येकाचा स्टिकर बनवतो. घोरणारे काका, जिलेबी खाणारी आत्या, लग्नात हार घालताना शिंकलेली मी. स्टिकर झाला म्हणजे माणूस आपला झाला, अशी तिथली रीत. मीसुद्धा तेव्हा हसले होते.

व्हिडिओवर पहिल्यांदा कौतुकाचा पाऊस पडला. टाळ्या, हार, “बाय आमची वाघीण.” आणि थोड्या वेळाने दिराने तिचा स्टिकर टाकला. मिटलेले डोळे, दाबलेले ओठ, वाकडी मान. खाली पिवळ्या अक्षरांत: प प पाच मिनिटं.

आमची सगळी मंडळी उशिरा येणाऱ्यांतली. त्यांना हा स्टिकर म्हणजे देणगीच वाटली. निघालास का, तर प प पाच मिनिटं. वर्गणी कधी देतोस, तर प प पाच मिनिटं. नवऱ्याने त्याच रात्री व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला. बैल गेला नि झोपा केला. व्हिडिओ निघाला, स्टिकर कसा निघणार? तो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जाऊन बसला होता.

दीर दुसऱ्या दिवशी घरी आला आणि दारातच उभा राहिला. “वहिनी, आपलीच पोर ती. परक्याच्या पोरीचो करीन काय?” तो रडत होता. मला त्याला दोन थोबाडीत द्यायच्या होत्या, पण तो खरं बोलत होता आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी त्याला चहा दिला.

त्या गावकऱ्यांची मुलं इथल्याच शाळांतली. स्टिकर आमच्या वर्गाच्या पालक-ग्रुपवर पोचायला वेळ लागला नाही. बाईंनी प्रकल्प कोणाचे राहिलेत म्हणून विचारलं, तर एका आईने तोच टाकला. तिला बिचारीला तो कोणाचा चेहरा आहे हे माहीतही नसावं. मी लिहिलं, ही माझी मुलगी आहे, कृपा करून वापरू नका. जोडलेल्या हातांची रांग लागली. “सॉरी ताई.” “माहीत नव्हतं हो.” “पण क्यूट आहे.” ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आता माहीत झालं, आणि त्यांच्या पोरांनाही.

मुलीने एका शब्दाने विचारलं नाही. व्हिडिओ काढायला बसवलं की ती फोनकडे बघायची आणि उठून जायची. बापाने माफी मागितली, तिने मान डोलावली. मॅडम म्हणाल्या, थोडं थांबू. थांबलो, आणि थांबूनच राहिलो. शाळेत तोंडी परीक्षेला बाईंनी तिला उत्तरं लिहून द्यायची मुभा दिली. गुण चांगले पडले. सगळ्यांचीच सोय झाली.

घरात ती हो, नाही, नको एवढंच बोलते. बाकीचं टाइप करते, बाजूच्या खोलीतूनसुद्धा. अभ्यासासाठी घेऊन दिलेल्या फोनवर मैत्रिणींशी झरझर लिहिते, विनोद करते. तिथे ती कुठेच अडत नाही. लोक म्हणतात, किती हुशार आहे.

मागच्या महिन्यात ती क्लासला गेली असं समजून मी स्वयंपाकघरात तो पेंग्विनचा व्हिडिओ लावला. मी तो अधूनमधून लावते, तिचा आवाज ऐकायला. ती मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. शेवटपर्यंत बघितला तिने, रुसलेल्या आईपर्यंत. मग माझ्या हातातून फोन घेतला, व्हिडिओ काढून टाकला, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढला आणि फोन ओट्यावर ठेवून निघून गेली.

नंतर मी चोरून सगळ्यांकडे विचारलं. नवऱ्याने धसक्याने आपल्याकडचा कधीच पुसला होता. मॅडमचा फोन बदलला होता. दिराने ग्रुपमधल्या एकेकाला फोन केले. तो व्हिडिओ कोणीच ठेवला नव्हता. स्टिकर सगळ्यांकडे आहे.