तात्या आणि माझं रक्त

तात्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या चुलत्यांना, प्रत्येक गोष्टीत दोष द्यायला माणूस लागायचा. मोटर जळाली तर वायरमन, म्हैस आटली तर सून. "कुणाचं तरी चुकल्याबिगर काय बिघडत न्हाय," हे त्यांचं वाक्य आमच्या अंथुर्णे गावात लहानथोरांना पाठ होतं. त्या 'कुणाचं तरी'मध्ये ते स्वतः कधीच नसत.

माझी मुलगी ईश्वरी चार वर्षांची झाली तरी बोलेना, हाकेला वळेना. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी स्वमग्नता सांगितली. त्याच सुमारास तात्यांना मोबाइलवर कुठलीशी बातमी सापडली. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं गर्भाच्या मेंदूवर परिणाम करू शकतात, अशी. 'शकतात' हा शब्द तात्यांनी गिळला. ओसरीवर चार माणसं जमवून म्हणाले, "हिच्या रगतातच इख हाय. पोराला दुसरी बायकू बगा."

माझा नवरा तिथंच बसला होता. चहा पीत होता.

पुढच्या तपासणीला तात्या मुद्दाम बरोबर आले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, "प्रतिपिंडं शरीर आजाराशी लढायला बनवतं. काही आयांच्या बाबतीत त्यांतली काही बाळाच्या घडणाऱ्या मेंदूतल्या प्रथिनांना चिकटत असावीत, असं संशोधकांना वाटतं. सगळ्यांच्या बाबतीत नाही. हिच्या रक्तात तसं काही आढळलेलंही नाही. आणि आढळलं असतं, तरी तो आईचा गुन्हा नव्हे."

"पर आईच्याच रगतात असतंय न्हवं?"

"हो, पण..."

"झालं तर." टोपी सारखी करत ते उठलेच.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, डॉक्टरनं कबूल केलं म्हणून. खोटं रचायला थोडी तरी अक्कल लागते. तात्यांना तेवढीही खर्चावी लागली नाही, अर्धं वाक्य पुरलं.

मी नवऱ्याला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"तात्या मोठे हायेत," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ईश्वरीला घेऊन मी बारामती गाठली. खोली घेतली, शिवणकाम धरलं, तिला थेरपीच्या क्लासला घातलं. दोन महिन्यांनी नवरा कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. मी दार उघडलं, कौतुक केलं नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी तात्या वारले. नवरा मातीला गेला, मी गेले नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, मुलीचा क्लास होता. रविवारी क्लास नसतो, हे त्यांनाही ठाऊक होतं.