वहीत न लिहिलेली पायरी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो म्हणेल, एवढंसं तर होतं, त्यात काय — आणि मला नेमकं तेच ऐकायचं नाहीये. एवढंसं होतं हे खरंच आहे. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तरच नीट दिसेल, एवढं. मग इतकी वर्षं ते मला का पुरून उरलंय? आता सांगून टाकते. दमले मी ते सांभाळून.

दुबईजवळ अजमानला आम्ही राहायचो, तिथे आमच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून एक फोटो स्टुडिओ होता, ठाण्याच्या एका मराठी माणसाचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथे कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचे. फाटलेले, भिजलेले, नाहीतर नवरा इथे आणि बायकोमुलं गावाला — मग दोन फोटो जोडून सगळ्यांना एका सोफ्यावर बसवायचं. मालकांचा नियम एकच, पण कडक. पहिल्या स्कॅनला हात लावायचा नाही, कॉपी काढून तिच्यावर काम करायचं, आणि काय काय केलं ते पायरीपायरीने वहीत लिहायचं. कुठला डाग पुसला, कुठली जागा कुठून उचलून भरली, सगळं. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच पायरी मागे जाता यायचं. नवीन आलं त्यात वीस पायऱ्या मागे जाता येऊ लागलं, आणि मला वाटलं, आता वही कशाला? मी वही आठवड्याच्या शेवटी एकदम भरायला लागले. आठवेल तशी. आठवलं नाही तर, शोभेल तशी.

महादेवकाका रुवैसच्या रिफायनरीत वेल्डर होते, मूळचे साताऱ्याकडचे. दोन-तीन महिन्यांतून एकदा अजमानला भावाकडे यायचे. एकदा त्यांनी टॉवेलात गुंडाळून एक तसबीर आणली. बायकोची. ती जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि आख्ख्या जन्मात तिचा हा एकच फोटो निघालेला. कामगारांच्या कॅम्पातल्या दमट खोलीत तो काचेला चिकटला होता, वर बुरशीचे काळे ठिपके. मी तो काचेसकट स्कॅन केला. मग मालकांनी काकांना विचारूनच तो पाण्यात ठेवून सोडवायला घेतला — आणि चेहरा काचेलाच राहिला, तुकड्यातुकड्यांनी. आम्हा दोघांना तोंड वर करवेना. काकाच म्हणाले, "असू द्या. ताईंच्या मशीनमधी हाय की."

होता. फक्त तिथेच होता.

गुरुवारची दुपार होती, दुसऱ्या दिवशी सुट्टी. आम्हाला शारजाला कुणाकडे तरी जेवायला जायचं होतं — कुणाकडे, तेही आता आठवत नाही. मी कॉपी काढली नाही. मूळ स्कॅनवरच बसले. कपाळावरची बुरशी पुसली, गालावरची पुसली, पदरावरची पुसली. हनुवटीवर आले तर तीन ठिपके. बाकीच्यांसारखे वेडेवाकडे नाहीत — एका ओळीत, सारख्या अंतरावर. मी थांबले. हे सांगायलाच हवं, की मी थांबले होते. माझ्या सख्ख्या आत्याच्या हनुवटीवर गोंदण होतं, मला ते ओळखू येत नाही असं नव्हतं. मग का पुसलं? हात चालू होता, म्हणून? सगळा चेहरा इतका स्वच्छ झाला होता की ते तीन ठिपके मला घाण वाटले — हेच खरं असावं. शेजारची त्वचा उचलून वर ठेवली, तीन वेळा. फाइल त्याच नावाने सेव्ह केली आणि बंद केली. फाइल बंद झाली की त्या वीस पायऱ्याही जातात, हे मला माहीत होतं.

मग वही ओढली आणि लिहिलं — मूळ स्कॅन वेगळा ठेवला. कॉपीवर काम. डाग साफ: कपाळ, गाल, पदर. हनुवटी लिहिली नाही. विसरले म्हणू? नाही विसरले.

काका फोटो न्यायला आले तेव्हा मालक दुबईला गेले होते. काकांनी फोटो काउंटरवर ठेवला आणि खूप वेळ पाहिला. मला वाटलं, रडतील. ते म्हणाले, "ताई, झ्याक झालाय. पण हिच्या हनवटीला गोंदण होतं. तीन ठिपकं."

तेव्हा काय करायचं होतं मला? चुकलं काका, एवढं म्हणायचं होतं. ते शेजारी बसले असते, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले असते, हितं. मी तीन ठिपके काढले असते. पाच मिनिटांचं काम. नोकरी गेली नसती, मालक फार तर दोन दिवस बोलले नसते. मग भीती कसली होती? मी चुकणारी नाही, असा माझा एक तोरा होता. एवढाच. त्यासाठी.

"काका, ती बुरशी होती," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले नाही. वही उघडली, त्यांच्याकडे फिरवली, ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा, सगळं लिहिलेलं असतं आमच्याकडे. हनुवटीला मी हातच लावलेला नाही."

त्यांनी ओठ हलवत ती ओळ वाचली. दोनदा वाचली. "लिवलंय म्हंजे तसंच असंल," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, मला नाही, स्वतःलाच — "मग मला कसं काय दिसतंय?" आणि ओशाळल्यासारखं हसले. बायकोचा चेहरा विसरलो म्हणून, माझ्यासमोर ओशाळले. मी फोटो कागदात बांधत होते.

चार-पाच वर्षांनी ते पुन्हा आले. मुलीला घेऊन. तिचं लग्न होऊन ती शारजाला राहायला आली होती, आणि तिला आईच्या फोटोच्या कॉपी हव्या होत्या, एक स्वतःला आणि दोन गावाकडच्या भावांना. मी प्रिंट काढून समोर ठेवल्या. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आप्पा, आईच्या हनुवटीवर गोंदण होतं ना? मी मांडीवर बसून त्याच्यावर बोट ठेवायचे."

"न्हाय गं," काका म्हणाले. "ते तुझ्या आज्जीला. मलाबी आधी तसंच वाटायचं. ह्या ताईंनी वहीत दावलं मला." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय ना, ताई?"

मी हो म्हणाले.

मुलीने पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. "असेल," ती म्हणाली. "मी लहान होते."

मी तिन्ही प्रिंट पाकिटात घातल्या, दुमडू नयेत म्हणून मागे पुठ्ठा लावला, आणि तिच्या हातात दिल्या. काकांच्या बायकोला गोंदण होतं हे खात्रीने सांगू शकेल अशी आता मी एकटीच उरले आहे, आणि मी तिला कधी पाहिलेलंही नाही.