कोटिंगवाले हमीदमामा

हमीदमामा कुठल्याही गाडीत अनवाणी चढत. चपला बाहेर काढून ठेवायच्या, मॅटिंग गुंडाळून बाजूला टाकायचं आणि उघड्या पत्र्यावर एकेक पाऊल दाबत पुढून मागं जायचं. दुधाचा पिकअप असो की कांद्याचा टेम्पो, ही पाहणी कधी चुकली नाही. गाडीवाला घाई करू लागला की म्हणत, "थांबा हो जरा. माझ्या डोळ्यांपेक्षा तळव्यांना जास्त कळतंय."

शिरूरहून दौंडकडं जाताना न्हावऱ्याच्या अलीकडं रस्त्याला लागून त्यांचं शेड होतं. गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून रबरासारखा जाड काळा थर द्यायचा, एवढंच काम ते करत. मोकळ्या जागी फवाऱ्यानं, कोपऱ्यांत ब्रशनं. इंजिनाला हात लावत नसत. आमच्याकडं गाड्यांमधून दूध, बर्फाचं पाणी, खत असं काहीबाही सारखं सांडत असतं. त्यामुळं त्यांच्या दारात दोन-तीन गाड्या कायम उभ्या असायच्या.

मी निमोण्याची. नवऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि त्याचं गाडी चालवणं बंद झालं, तेव्हा मी लायसन काढलं. जुनी व्हॅन घेतली आणि गावातली मुलं शिरूरच्या शाळेत सोडायचं ठरवलं. व्हॅन बाहेरून नव्यासारखी दिसत होती. आतला पत्रा तेवढा काळा करून हवा होता आणि शाळा तीन दिवसांवर आली होती.

मामा आत चढले, वाकून दोन पावलं चालले आणि मधल्या सीटपाशी थांबले. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि टोक पत्र्यावर टेकवून नुसतं दाबलं. बिस्किटात जावं तसं ते आरपार गेलं.

"ताई, ही गाडी मी करत न्हाई."

"का? वरून एक हात मारा की. सोमवारी शाळा आहे."

"वरून हात मारला की भोक तुम्हाला बी दिसायचं न्हाई आन् मला बी. आधी पत्रा कापून नवा टाका."

मी चिडले. "शिरूरात दुसरे आहेत करणारे."

"हायेत की. करून बी देतील." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "फकस्त मला एवढं दाखवा, पोरं बसणार कुठं?"

मी मधल्या सीटकडं बोट केलं आणि माझं मलाच कळलं. त्यांनीच ओळखीच्या वेल्डरला बोलावलं, पत्रा बदलून घेतला, मग तारेच्या ब्रशनं सगळं घासून दोन थर दिले. रविवारी दुपारी मी गाडी न्यायला गेले तेव्हा जुबेदामामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी व्हॅन मामांकडं जायची. काम नसलं तरी येता-जाता मी शेडपाशी थांबायचे. ते फार हसायचे नाहीत, पण मुलं गाडीत असली की खिडकीशी येऊन प्रत्येकाला नावानं हाक मारायचे. एखादं पोरगं गाडीत उड्या मारत असलं आणि मी ओरडले, तर मलाच म्हणायचे, "मारू द्या उड्या. पत्रा पक्का हाय. पोरं उड्या मारणारच."

कोविडनंतरच्या वर्षी त्यांचा खोकला वाढला. तीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून फवारा मारला होता. रुमालानं वास अडल्यासारखा वाटतो, बाकी काही अडत नाही. दौंडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून काम बंद करायला सांगितलं. मामांनी फवारा सोडून नुसता ब्रश धरला. पुढं थिनरचा डबा उघडला तरी श्वास कोंडायला लागला, तेव्हा शेडला कुलूप लागलं.

एके दिवशी दुपारी त्यांना भेटायला गेले, तर ते ओट्यावर बसून होते. मामी आत होत्या. मामांनी दाराकडं एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, मला केंदूरला न्याल का? घरी सांगू नका. दवाखान्यात चाललोय म्हणतो."

वाटेत तळेगाव ढमढेरे मागं पडलं. मग मामा सांगायला लागले. बावीस वर्षांपूर्वी एक जीपवाला आला होता, पॅसेंजर भरणारा. मागचा पत्रा सडलेला होता. मामांना ते दिसलं होतं. जीपवाला म्हणाला, लग्नाची तिथी आहे, उद्या गाडी पाहिजे, वरून काळं मारून दे. मामांनी मारून दिलं. महिन्याभरात खड्ड्यात गाडी आदळली, पत्रा फाटला आणि मागं बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा पाय खाली रस्त्यावर गेला. पाऊल काढावं लागलं. जीपवाल्यानं गाडी भंगारात घातली. मामांना विचारायला कुणीच आलं नाही.

"कुणी आलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "मुलीचं नाव सुरेखा. केंदूरची. एवढं मला ठावं हुतं."

घर सापडायला वेळ लागला नाही. सुरेखा आता गावात शिवणकाम करते. आम्ही गेलो तेव्हा मोटरच्या मशीनवर ब्लाउज शिवत होती. मामांनी खुर्ची घेतली नाही. धाप लागत असल्यामुळं वाक्यं तुटत होती, पण उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. "पत्रा सडलेला हुता. मला कळलं हुतं. तरी मी वरून काळं लावलं. तुझा पाय माझ्यामुळं गेला, बाळा."

मशीन थांबलं होतं. ती म्हणाली, "म्हंजी माझ्यामुळं न्हाई फुटला?"

आम्हाला काही कळेना.

"मी गाडीत पाय आपटत हुते म्हणून पत्रा फुटला, असं समदे म्हणायचे. आई तर अजून म्हणती, नीट बसली असतीस तर पाय राहिला असता."

तिची आई आतल्या दारात येऊन उभी होती. मामा तिच्याकडं वळले आणि त्यांनी हात जोडले. "न्हाई वहिनी. पोरगी गाडीत नाचली असती तरी धड पत्र्याला काय झालं नसतं. तिची कायबी चूक न्हाई."

आई चौकटीला धरून खाली बसली. आणि मग सुरेखाचा आवाज चढला.

"बावीस वर्षं! कुठं हुता तुम्ही? शाळा सुटली माझी. पाय गेला त्याचं दुखणं एक, आन् रोज हे ऐकायचं ते एक. एकदा येऊन एवढंच सांगायचं हुतं ना!"

"भ्यालो, बाळा."

"जावा तुम्ही," ती म्हणाली. "जावा."

शिक्रापूरच्या पुढं मामांनी गाडी थांबवायला लावली. मला वाटलं, श्वास लागला. पण ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मी गेलो तर तिची जखम पुन्हा उघडंल, असं मी सोताला सांगत आलो," ते म्हणाले. "तिकडं ती रोज बोलणं खात हुती."

त्यानंतर महिनाभरच काढला त्यांनी. दौंडच्या दवाखान्यात सकाळच्या वेळी गेले. फोन आला तेव्हा मी मुलं घेऊन शिरूरच्या वाटेवर होते. मुलं गाणं म्हणत होती. शेवटचं पोर शाळेच्या फाटकातून आत जाईपर्यंत मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं.

आठ दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सुरेखा होती. गाडीवर लिहिलेला माझा नंबर तिनं त्या दिवशी टिपून घेतला होता.

"मामांशी बोलायचं हुतं. देता का?"

मामा गेल्याचं मी सांगितलं.

"त्या दिवशी तुम्ही गेल्यावर आई माझ्यापाशी येऊन बसली," ती म्हणाली. "पाऊल गेल्यापासनं तिनं तो पाय नीट बघितला नव्हता. तिनं जयपूर फूट काढायला लावला आन् पाय मांडीवर घेऊन तेल चोळलं. आता रोज चोळती. काय बोलत न्हाई, नुसती चोळती. हे मामांना सांगायचं हुतं. उद्या करू फोन, उद्या करू, करत राहिले."

"मामींना सांगू का?" मी विचारलं.

"सांगा."

संध्याकाळी मुलं घरोघरी सोडून मी न्हावऱ्याला गेले. मामी एकट्याच होत्या. मी म्हणाले, "मामी, केंदूरहून सुरेखाचा फोन आला होता."

"कौन सुरेखा?" त्यांनी विचारलं.

बावीस वर्षांत मामांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी दार लोटून घेतलं, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि माझा हात हातात घेतला.

"बोल बेटी," त्या म्हणाल्या. "सब बोल."