सगळीकडे चालणारा मुलगा

मी शिकलो ते सुमनताईमुळे, माझ्या थोरल्या बहिणीमुळे. आई गेल्यावर स्वयंपाक, शिवणाचं मशीन आणि माझा अभ्यास, सगळं तिनेच सांभाळलं.

अमेरिकेत ॲन आर्बरला नोकरी लागल्यावर एकदा तिथल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या खेळाचा, सराव पाहायला गेलो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. व्यावसायिक संघासाठी कॉलेजातले खेळाडू पारखणं हे त्यांचं काम. कॉफीच्या कागदी कपावर बोटं शेकत ते एकाच मुलाकडे पाहत होते.

"फुटबॉल कळतो का?" त्यांनी विचारलं.

"थंडी कळते."

"मग अर्धा कळला!"

तो मुलगा चेंडू झेलायचा, घेऊन पळायचा, दुसऱ्यांना वाटही मोकळी करून द्यायचा. मी म्हणालो, "याला तर कुठलाही संघ घेईल."

"घेईल, आणि जिथे माणूस कमी तिथे उभा करील. सगळं येणाऱ्याचं असंच होतं." त्यांनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "काल मी त्याला विचारलं, तुला स्वतःला काय आवडतं? म्हणाला, चेंडू घेऊन पळायला. मी त्याची शिफारस त्यासाठीच करणार."

रिकामा कप चेपून कोटाच्या खिशात घालत ते निघून गेले. मला मात्र घरची फार आठवण आली. ताईशी दर रविवारी फोनवर बोलतो, पण मनातलं हे विचारणं फोनवर जमलं नसतं. मी पत्र लिहिलं:

"ताई, माझ्यासाठी तू शाळा सोडलीस, त्याआधी तुला काय व्हायचं होतं? मला खरंच माहीत नाही. सविस्तर लिही."