मोडं म्हणजे उशिरा

माझ्या बायकोचा एक जुना लाडका सिनेमा आहे. मराठी, प्रेमाचा, विनोदी. आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, डोळे मिटून सांगतील की असा सिनेमा पुन्हा झाला नाही. मला तो कधीच पटला नाही. नायिकेचा कानानं अधू मामा नायकाला चुकीचा निरोप देतो. नायकाला वाटतं हिनं नकार दिला, तिला वाटतं हाच फिरला, आणि पुढे दीड तास दोघं फुगून बसतात. शेवटी एसटी स्टँडवर मामा चूक कबूल करतो, सगळे हसतात आणि सनई वाजते. "एकानं तोंड उघडून विचारलं असतं तर मध्यंतरातच सगळे घरी गेले असते," हे माझं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की बायको टीव्हीचा आवाज वाढवते.

गेल्या वर्षी आमच्या मुलीचं लग्न सांगलीकडच्या एका मुलाशी ठरलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि ती बाल्कनीत जाऊन तासभर बोलायची. इथं बडोद्यात, सयाजीगंजमधल्या ऑफिसात तिचा सगळा दिवस गुजराती नाहीतर हिंदीत जातो. तिला मराठीत इतकं खळखळून हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. फार बरं वाटायचं.

मग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि लग्न पुढे ढकलायची वेळ आली. असल्या गोष्टी फोनवर बोलू नयेत, नीट लिहून कळवाव्यात, असं माझं मत. मुलाच्या आईला मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. त्यामुळे लग्न मोडं करावं लागेल. नाइलाज आहे. समजून घ्यावे." ऱ्हस्वदीर्घ तीनदा तपासलं. संध्याकाळी उत्तर आलं, "ठीक आहे. जशी तुमची इच्छा. ताईंना जपा." मी बायकोला म्हणालो, "बघ, किती समजूतदार माणसं आहेत."

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. मी एकदा विचारलं तर मुलगी म्हणाली, "लग्न लांबलं म्हणून रुसला असेल, बाबा. करेल." असे पाच रविवार गेले. ती बाल्कनीतले कपडे काढायला म्हणून जायची आणि फोन हातात घेऊन तशीच परत यायची. मला दिसत होतं. पण पोरांच्या मध्ये आपण कशाला पडा, म्हणून गप्प राहिलो.

मग हे स्थळ आणणाऱ्या माझ्या मेव्हणीचा सांगलीहून फोन आला. "दाजी, लग्न मोडलंत ते मोडलंत, निदान मला तरी सांगायचं."

मी तो मेसेज पुन्हा उघडला आणि 'मोडं' या शब्दाशी थांबलो. गुजरातीत मोडुं म्हणजे उशिरा. आम्हा बडोदेकरांच्या मराठीत तो शब्द कधी येऊन बसला ते कुणालाच आठवत नाही. आमच्या घरात ऑफिसातून यायला मोडं होतं, जेवायला मोडं होतं. सांगलीत मात्र लग्न मोडतं.

ताबडतोब मुलाच्या आईला फोन लावला. सगळं ऐकून त्या हसत सुटल्या. "अहो, गुडघ्यासाठी कुणी लग्न मोडतं का, असं मी म्हटलंही. पण मुलीकडच्यांच्या मनात नसेल तर खोदून कशाला विचारायचं? हा इथंच बसलाय, तोही हसतोय. आता तारीख काढू या." पलंगावरून बायको म्हणाली, "आणि माझ्या सिनेमाला नावं ठेवत होतात." मी मुकाट्यानं हार मानली. माणसं खरंच विचारत नाहीत. ज्यानं कुणी तो सिनेमा लिहिला त्याला हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

संध्याकाळी मुलगी आल्या आल्या तिला सांगितलं. आधी तीही पोट धरून हसली. "बाबा, तुम्ही मोडं लिहिलंत?" मग हेल्मेट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली.

"म्हणजे पाच आठवडे त्याला वाटत होतं की मी त्याला सोडलं?"

"हो ना, बिचारा."

"आणि त्यानं मला 'का' असं विचारलंसुद्धा नाही."

"तूही कुठं विचारलंस?" मी म्हणालो.

"नाही ना," ती म्हणाली. "म्हणूनच आता नको."

बायको रडली. मी मुलीला हात जोडले, चूक माझी, तिची शिक्षा स्वतःला कशाला करून घेतेस म्हणालो. तिनं मला पाणी आणून दिलं. "तुमच्यावर राग नाही, बाबा. मला वाटत होतं त्यानं फोन करावा, त्याला वाटत असेल मी. तुमचा शब्द बरोबर असता तर हे आम्हाला लग्नानंतर कळलं असतं."

सिनेमात गैरसमज फिटला की सगळं फिटतं. तेवढंच त्यात खोटं आहे, आणि नेमकं त्याच जागी लोक टाळ्या वाजवतात. पण हे मी मुलीला कसं सांगणार होतो? मला तर सिनेमातल्यासारखंच व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला फोन लावला. मुलीचा नकार कसा सांगायचा ते कागदावर लिहून ठेवलं होतं, एकेक शब्द तपासून. मुलाच्या आईनं पहिल्याच रिंगला उचलला. "तुमचीच वाट बघत होते. पंचांग घेऊनच बसलेय," म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत तारखा वाचायला लागल्या. तिसऱ्या तारखेपर्यंत मला त्यांना थांबवता आलं नाही.