लिंबाला हात लावू नका

गारखेड्यातल्या आमच्या लाकडी घराचे फोटो काढायला आज पुण्याचा आर्किटेक्ट आला होता. तुम्ही सगळ्यांनी या घराच्या दारांना लाइक दिलेत, म्हणून खरं सांगतो.

बांधकामाआधी वडिलांनी त्याला बजावलं होतं, "लिंबाला हात लावू नका." त्यानं लिंबूचं झाड राखलं आणि वडिलांनी लावलेला कडुलिंब तोडून दारं केली.

आज वडिलांनी त्याच लिंबूचं सरबत त्याला दिलं.

"काका, दारं कशी वाटतात?"

"लई गार सावली हाय त्यांची."

आपण कडुलिंबाला लिंब म्हणतो, हे पुणेकराला काय माहीत? पण तोडण्याआधी त्यानं मला फोन केला होता, "लिंब म्हणजे लिंबूच ना?"

मला दारं हवी होती. मी "हो" म्हणालो.

वडिलांनी मलाही ग्लास दिलाय. साखर घातलेली नाही. तुम्ही प्यायला असता?