नजरबादच्या कॅप्टनबाई

आमच्या सासूबाईंना पसंत पडेल अशी एकही वस्तू परमेश्वराने निर्माण केलेली नव्हती, आणि त्याच्या कामाबद्दलचं हे मत त्यांनी कधी लपवूनही ठेवलं नाही. म्हैसूरची हवा माणसांना आळशी करते, म्हैसूरपाक हे नुसतं तूप खायचं निमित्त आहे आणि मोगऱ्यानं डोकं उठतं, असं त्या म्हैसूरकरांना तोंडावर सांगायच्या. दसऱ्याच्या मिरवणुकीला अख्खं शहर रस्त्यावर लोटायचं. सासूबाई नात्यातल्या कुणाच्या तरी गच्चीवर खुर्ची टाकून बसायच्या आणि खालून जाणारं एकेक पथक नापास करायच्या. "डावा पाय कुठला ते तरी शिकवा रे यांना!" शेवटी अंबारीचा हत्ती आला की जरा सैलावायच्या. "हा एकटा नीट चालतो. तोंड बंद ठेवून चालतो ना, म्हणून."

त्या लष्करात नर्स होत्या. नुसत्या नर्स नव्हेत, कॅप्टन. त्यांचे पूर्वज कुठल्याशा जुन्या काळी तलवार घेऊन म्हैसूरच्या राजांच्या चाकरीला आले होते, आणि माहेरचे सगळे पुरुष त्या तलवारीवर अजून जगत होते. "घोडे गेले, राजे गेले, यांच्या मिशा तेवढ्या राहिल्या," असं त्यांच्याबद्दल म्हणत सासूबाई ऐन विशीत लष्करी इस्पितळात भरती झाल्या, सीमेवरच्या वॉर्डात राहिल्या, लढाई पाहिली, आणि मग लग्न केलं. त्या काळी लष्करातल्या नर्सनं लग्न केलं की तिची नोकरी सुटायची. सरकारनं त्यांना घरी पाठवलं, पण त्यांनी लष्कर सोडलं नाही. ते त्यांनी म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या दोन खोल्यांच्या घरात आणून बसवलं, आणि त्यात पुढे सून म्हणून माझी भरती झाली.

ज्यांच्यासाठी कॅप्टनपद सोडलं ते माझे सासरे मंडी मोहल्ल्यात शिंपी होते. विठ्ठलाचे भक्त, आवाज इतका मऊ की शिवणयंत्र थांबल्याशिवाय ऐकू यायचा नाही. रजेवर आलेल्या सासूबाईंनी युनिफॉर्मची बाही सैल करायला त्यांच्याकडे टाकली होती. यात प्रेमाचा काही भाग होता का, असं मी एकदा धीर करून विचारलं. "कसलं प्रेम? बाही बिघडवली त्यांनी. परत परत जावं लागलं." सासरे पलीकडे काज करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मुद्दाम बिघडवत होतो."

मी साताऱ्याची. लग्न होऊन पहिल्यांदा त्या घराच्या पायऱ्या चढू लागले, तर दारात उभ्या राहून सासूबाई म्हणाल्या, "निधान, निधान!" मला भरून आलं. सुनेला पहिल्याच पावलाला निधान, म्हणजे धनाचा ठेवा म्हणणारी सासू कुणाला मिळते? कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, हे मला दोन दिवसांनी कळलं. तिसरी पायरी मोडकी होती. त्यांची मराठी अशीच निम्मी कन्नड होती. "सुम्ने बस" म्हणजे गप्प बस, "साकु" म्हणजे पुरे. हे दोन शब्द मी लवकर शिकले, कारण माझ्या वाट्याला तेच जास्त आले. माझी पोळी पाहून त्या विचारायच्या, "हा कुठल्या देशाचा नकाशा?" त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकाबद्दल मात्र बोलायची सोय नव्हती. त्यांचं सांबार शत्रूच्या छावणीत पाठवलं असतं तर ती लढाई आणखी लवकर आटोपली असती, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे.

माजी सैनिकांच्या कुठल्याशा मंडळानं एकदा सत्कार ठेवला. घरी निरोप आला, सगळ्यांनी या. हॉलच्या दाराशी एका उत्साही कार्यकर्त्यानं कॅप्टनचं नाव विचारलं, आडनाव ऐकलं, आणि माझ्या सासऱ्यांना धरून थेट व्यासपीठावर नेऊन बसवलं. सासूबाईंना खाली, सैनिकांच्या बायकांच्या रांगेत. सुईपेक्षा धारदार काहीही आयुष्यात हातात न धरलेले माझे सासरे दोन मिशाळ सुभेदारांच्या मध्ये घाम पुसत बसले. त्यांना शाल पांघरली, टाळ्या झाल्या. मग "वीरपत्नींना भेट" म्हणून सासूबाईंच्या हातात एक साडी आली. ती घेऊन त्या सरळ वर चढल्या आणि माइकसमोर उभ्या राहिल्या. माझा नवरा खुर्चीत खाली खाली सरकू लागला.

"हे माझे यजमान," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "हे शिंपी आहेत. चांगले शिंपी आहेत. कॅप्टन मी आहे. माझा नवरा म्हणून यांना काही द्यायचं असेल, तर ही साडी द्या." आणि त्यांनी सासऱ्यांच्या अंगावरची शाल काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली व साडी त्यांच्या मांडीवर ठेवली. सासऱ्यांनी साडीचा पदर दोन बोटांत धरून बघितला आणि माइकमध्ये ऐकू जाईल इतकं स्पष्ट म्हणाले, "काठ बरे आहेत." आयुष्यात त्यांचा आवाज त्या एकाच दिवशी लोकांना ऐकू गेला. सगळा हॉल हसला, आणि त्या हसण्यातच एका म्हाताऱ्या सुभेदारानं उठून सासूबाईंना कडक सॅल्यूट केला. त्यांनी तो परत केला. घरी येताना मात्र म्हणाल्या, "शाल पॉलिस्टर आहे. आणि त्याचं कोपर खाली होतं."

हे सगळं मी नातेवाइकांना तिखटमीठ लावून सांगत असे. सासूबाईंची टर उडवणं हा आमच्या घरातला एकमेव विरंगुळा होता. त्यांच्या त्या कॅप्टनपणाला मी मनातून नाटकच समजत असे. मग आम्ही टी. नरसीपूरला कावेरीच्या संगमावर स्नानाला निघालो.

उसाच्या शेतांमधून रस्ता जातो. एका बैलगाडीला चुकवायला गेली आणि आमची बस कलंडून चरात आडवी पडली. आम्ही चौघं खरचटून बाहेर आलो. आत किंकाळ्या. माझ्या नवऱ्यानं पहिलं रक्त पाहिलं आणि तो तिथेच आडवा झाला. सासूबाईंनी त्याची नाडी बघितली. "याला काही झालेलं नाही. वाटेतून बाजूला घ्या," म्हणून पोटच्या पोराला ओलांडून त्या पुढे गेल्या.

पुढचा वेळ मी कधी विसरणार नाही. साठी उलटलेली ती किरकोळ बाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून कन्नड, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषांतून हुकूम सोडत होती आणि लोक ऐकत होते. ज्यांना ओरडता येत होतं त्यांना त्या म्हणाल्या, "ओरडा, तुम्ही जगणार आहात," आणि जे गप्प पडले होते त्यांच्याकडे आधी गेल्या. सासऱ्यांना म्हणाल्या, "धोतर सोडा."

"मी काय नेसू?"

"टॉवेल."

त्या नव्या कोऱ्या धोतराच्या पट्ट्या सासऱ्यांनीच फाडल्या, एकसारख्या, सरळ. एका नारळवाल्याच्या मांडीतून रक्ताची धार लागली होती. सासूबाईंनी माझे दोन्ही हात धरून त्या जखमेवर दाबले. मी रडू लागले. "रडायचं असेल तर त्या झाडाखाली जा. नाहीतर दाब. दोन्ही नको." मी दाबलं. इस्पितळाची गाडी येईपर्यंत दाबत राहिले. हात सुन्न झाले तरी. नारळवाला जगला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पट्ट्या बघून विचारलं, हे कुणी केलं? सासूबाई म्हणाल्या, "तुमची गाडी लवकर आली असती तर तुम्हीच केलं असतं."

घरी आल्यावर त्या मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसल्या. मी पाणी घेऊन गेले तर त्यांना भांडं धरवेना. मी ते त्यांच्या तोंडाला लावलं. त्यांनी कधी नव्हे ते लावू दिलं.

"तिथे वॉर्डात," त्या म्हणाल्या, "पोरं माँ माँ म्हणून हाका मारायची. कुणी अम्मा म्हणायचं. मी पंचविशीची. माझ्याच वयाची पोरं ती. मला राग यायचा. मी कुणाची माँ?"

"मग?"

"मग काय. ओ द्यायची. दुसरं कोण होतं तिथे द्यायला?"

त्यानंतर मी त्यांची टर उडवली नाही असं नाही. इतकी चांगली सून मी नव्हे, आणि त्यांनी ती संधीही भरपूर दिली. सासरे गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या त्यांनी बिघडवलेल्या बाहीची गोष्ट तक्रार म्हणून सांगत बसल्या. पुढे त्या फार म्हाताऱ्या झाल्या, अंथरुणाला खिळल्या, आणि त्यांची वर्षं एकमेकांत मिसळू लागली. इंजेक्शन द्यायला येणाऱ्या मुलीला नापास करणंही त्यांनी सोडून दिलं, तेव्हा मात्र मी रात्रीही त्यांच्या उशाशी खुर्ची टाकू लागले.

त्या गेल्या त्याच आठवड्यातली दुपार. मी त्यांच्या उशाशी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. डोळे उघडले तर त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"सिस्टर," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "पोरं कशी आहेत?"

मी खुर्चीत सरळ झाले. मग म्हटलं, "सगळी ठीक आहेत, मॅडम. झोपलीत."

त्यांनी मान हलवली. "जेवलात?"

"नाही."

"मग जा. तुमची ड्यूटी संपली. वॉर्ड आता मी बघते." आणि डोळे मिटता मिटता, "काम चांगलं केलंत तुम्ही."

हे त्या मला म्हणाल्या नव्हत्या. सीमेवरच्या कुठल्याशा वॉर्डातल्या, कोण जाणे कुठल्या थकलेल्या मुलीला म्हणाल्या होत्या. पण ती मुलगी तिथे नव्हती, आणि मी होते. मी ते ठेवून घेतलं. त्यांचा हात पांघरुणात सारला, आणि स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढून घेतलं.